गर्जे मामांचं पाणी

आमच्या कारखान्यात साखर न खाणारा एकच माणूस होता आणि त्याला मधुमेह नव्हता. हे कळायला मला दोन महिने लागले. तोवर मीही बाकीच्यांसारखी गर्जे मामांच्या माघारी त्यांच्या 'शुगर'बद्दल हळहळत होते. बॉयलर हाऊसमध्ये टपरीवरून आठ कप चहा यायचा, त्यातला एक कोरा आणि बिनसाखरेचा. कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं, कुणाला नात झाली की पेढ्यांचा बॉक्स फिरायचा आणि मामांपाशी आला की न थांबता पुढे सरकायचा. गोदामं साखरेच्या पोत्यांनी भरलेली, हवेत हंगामभर मळीचा वास, आणि हा माणूस गुळाचा खडासुद्धा तोंडात टाकत नाही. शेवटी न राहवून मी विचारलं, "मामा, डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय का?"

"मला कशाला पथ्य? घरी गेलो की दोन कप गोड च्या पितो मी, बाई. हितं पीत न्हाई."

"का पण?"

त्यांनी दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले. हात राठ होते, नखं मात्र शाळेतल्या मुलासारखी कापलेली. "ह्या हातांनी पानी तपासायचं असतं," ते म्हणाले आणि पंपाकडे निघून गेले.

हे हातांचं प्रकरण नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. साखर कारखाना उसावर चालतो असं लोकांना वाटतं. तो वाफेवर चालतो. उसाचं चिपाड जाळून बॉयलरमध्ये वाफ करायची, तिच्यावर टर्बाइन फिरवायचं आणि मग त्याच वाफेवर रस उकळायचा. रसाला उष्णता देऊन वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ते गरम, स्वच्छ पाणी परत बॉयलरकडे जातं. रस आणि हे पाणी यांच्यामध्ये असते ती फक्त एका नळीची पातळ भिंत. नळीला सुईएवढं भोक पडलं तरी रस पाण्यात उतरतो आणि साखर बॉयलरमध्ये पोचते. तिथे ती करपते, पाणी आंबतं, फेसाळतं, नळ्यांवर काळा थर धरतो आणि तरीही कुणी लक्ष दिलं नाही तर एखादी नळी फुटते. नळी फुटते तेव्हा समोर माणूस असला तर काय होतं, ते मामांनी तरुणपणी दुसऱ्या एका कारखान्यात पाहिलं होतं. त्याबद्दल ते एकच वाक्य बोलायचे, "मी त्याला चपलीवरून वळखला."

म्हणून तासातासाला पाणी तपासायचं. काचेच्या नळीत थोडं पाणी घ्यायचं, औषधाचे दोन थेंब टाकून हलवायचं, मग कडेकडेनं ॲसिड सोडायचं. पाण्यात साखर असेल तर दोघांच्या मध्ये जांभळी रिंग उमटते. ही तपासणी इतकी हळवी की बोटाला लागलेली चहाची साखरसुद्धा ती चुगली केल्यासारखी सांगून टाकते. मामांची नळी हलवायची पद्धत जुनी, तोंडावर अंगठा दाबून. मी त्यांना रबरी बूच दिलं होतं. ते त्यांनी जपून खिशात ठेवलं आणि अंगठाच वापरत राहिले. त्यामुळे आठ तासांच्या पाळीत गोडाला हात लावायचा नाही, हा नियम त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतला होता.

मी श्रीरामपूरची. बीएस्सी करून या कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले तेव्हा तिथे दुसरी बाई नव्हती, आणि माझा स्वभाव थोडा तडकाफडकी असल्याने पहिल्या महिन्यात निम्म्या लोकांशी माझं वाजलं. मामांशी वाजलं नाही, कारण ते भांडायला मुळी थांबतच नसत. नाताळात मी घरून केक आणि करंज्या न्यायचे. मामा डबा घ्यायचे, झाकण न उघडता रुमालात बांधायचे आणि सायकलच्या हँडलला अडकवायचे. दुसऱ्या दिवशी धुतलेला डबा परत यायचा, त्यात त्यांच्या घरची शेंगदाण्याची चटणी. ती चटणी इतकी तिखट असे की आमच्या घरात फक्त माझे वडीलच ती खाऊ शकत आणि डोळे पुसत पुसत मामांची चौकशी करत.

मामा मूळचे पाथर्डीकडचे. आईवडील ऊसतोडीला येत, त्यांच्याबरोबर हेही यायचे. पाचटाच्या कोपीत वाढले, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या मोळ्या वाहिल्या आणि मिसरूड फुटायच्या सुमारास कोयता टाकून कारखान्यात हंगामी मजूर म्हणून शिरले. पहिलं काम पाणी मऊ करायच्या टाकीत मिठाची पोती ओतायचं. कालव्याच्या पाण्यात चुना असतो, तो काढला नाही तर बॉयलरच्या नळ्यांना आतून दगड धरतो, एवढं त्यांना तिथे कळलं. मग बाकीचं का कळू नये, असं म्हणून ते एका म्हाताऱ्या केमिस्टच्या मागे लागले. शाळा नववीपर्यंत, पण पाण्याच्या बाबतीत मला जे पुस्तकात वाचावं लागलं ते या माणसाला वासावरून कळायचं. नमुन्याचं पाणी ते आधी नाकाशी नेत, मग कानाशी. कानाशी का नेतात ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. विचारलं तर हसायचे.

त्यांच्याबद्दलची एक गोष्ट माझ्या मनाला फार लागायची. त्यांच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. बायका हंडे घेऊन धावतात आणि पाण्याला रंग कसा आहे हे कुणी बघत नाही. त्या गावचा हा माणूस आयुष्यभर बॉयलरसाठी पाणी निवडत, धुवत, उकळत बसला. एकदा कॉलेजची मुलं कारखाना बघायला आली होती. त्यातल्या एकीने विचारलं, "काका, हे इतकं शुद्ध पाणी पिता येतं का?" मामा म्हणाले, "नगं पिऊ, पोरी. ह्या पान्यातलं समदं काढून घेतलंय. ते भुकेलं हाय. भांड्यात ठिवलं तर भांडं खातं." मुलं हसली. ती गेल्यावर मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या गावात कुनी पान्याची चव इचारत न्हाई, बाई. आलं का, येवढंच इचारत्यात."

हवेशी त्यांचं वैर होतं. आपण पाणी शुद्ध केलं तरी त्यात हवा विरघळलेली असते आणि तापलेल्या लोखंडाला ती आतून खाते. म्हणून बॉयलरच्या आधी पाणी एका मोठ्या टाकीत नेतात. ती सगळ्यांत वरच्या मजल्यावर असते आणि तिला आम्ही सगळे डीएरेटर म्हणतो. तिथे पाण्याचा फवारा करून त्याला वाफ देतात, पाणी खळखळून तापतं आणि त्यातली हवा छपरावरच्या बारीक पाइपातून बाहेर पडते. तिच्याबरोबर थोडी वाफही जाते. कारखान्यावर ती पांढरी शेपटी दिसली की मामा निवांत असत. पाळीवर येताना गेटातून आत शिरायच्या आधी त्यांची मान वर जायची, आणि देवळाच्या कळसाकडे बघावं तसं ते त्या शेपटीकडे बघायचे. आठवडी सुट्टीच्या दिवशी बाजाराला जातानाही सायकल थांबवून बघत, असं त्यांची बायको सांगायची, आणि सांगताना कपाळाला हात लावायची.

एका हंगामाच्या सुरुवातीला, बॉयलरच्या पूजेला जमलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी वर बोट दाखवून म्हणालं, ती वाफ फुकट जाते वाटतं. झालं. आमचे चीफ इंजिनियर जगताप साहेब तसे सज्जन, पण चारचौघांत कुणी काही बोललं की त्यांना दिवसभर चैन पडत नसे. दुसऱ्या दिवशी हुकूम आला की वरचा वॉल्व्ह बंद ठेवायचा. मामा त्यांच्या केबिनमध्ये गेले. खिशातून कापलेल्या नळीचा एक तुकडा काढून टेबलावर ठेवला. नळीच्या आत मसुरीच्या दाण्याएवढे खड्डे पडलेले होते.

"सायेब, हे आगीनं न्हाई झालं. हवेनं झालं."

"गर्जे, आपण औषध घालतोच की पाण्यात. त्याने हवा जाते."

"औषध उरलेल्या हवेसाठी असतंय. समदी हवा त्याच्या गळ्यात घातली तर ते पुरायचं न्हाई. आन ती वाफ फुकट जात न्हाई, सायेब. ती हवेला येशीपतुर सोडाय जाती. पाव्हन्याला दारातून ढकलून कसं चालंल?"

साहेब हसले, पण वॉल्व्ह बंदच राहिला. तो हंगाम मामांनी तोंड कडू करून काढला. मग पावसाळ्यात दुरुस्तीचे दिवस आले तेव्हा मामांनी तो वॉल्व्ह उतरवला, वर्कशॉपमधल्या टर्नरकडे नेला आणि त्याच्या आतल्या चकतीला दोन सूत, म्हणजे पाव इंचाचं, भोक पाडून आणलं. पुढच्या हंगामात साहेबांनी स्वतः वर जाऊन वॉल्व्ह घट्ट बंद केला आणि खाली येऊन बघितलं तर बोटभर जाडीची शेपटी आपली डोलतेच आहे.

"वॉल्व्ह पासिंग दिसतोय, गर्जे. बंद करूनही गळतोय."

"जुना झालाय, सायेब. माझ्यावानी."

मी नंतर मामांना म्हटलं की हे काही बरं नाही, साहेबांपासून लपवलंत. त्यांना राग आला. त्यांनी मला दुरुस्तीच्या दिवसांचं रजिस्टर आणून दाखवलं. त्यात त्यांच्या गोल, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'डीएरेटरच्या वरच्या वॉल्व्हला दोन सूत भोक पाडले आहे', खाली सही. "मी लपवलं न्हाई," ते म्हणाले. "सायेब रजिस्टर वाचत न्हाईत, त्याला मी काय करू?" रजिस्टरच्या बाबतीत ते असे होते. मी नवीन असताना एकदा आळसाने मागच्या तासाचा आकडा तसाच पुढे ओढला होता. मामांनी ओळखलं. म्हणाले, "कागदावर काय बी लिवा बाई, लोखंडाला वाचता येत न्हाई. त्याला जसं पानी लागंल तसंच ते सडंल." त्यानंतर मी पुन्हा तसं केलं नाही. भीतीने नव्हे, लाज वाटली म्हणून.

आता कौसाबाईंबद्दल. मामांची ही धाकटी बहीण. मामा कारखान्यात चिकटले, ही मात्र अजूनही दर दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर बैलगाडी घेऊन पाथर्डीहून ऊसतोडीला येते. माझ्या प्रयोगशाळेच्या जिन्यावरून गाडीतळ दिसतो. उसाने भरलेल्या टायरगाड्या नंबराने उभ्या असतात, बैल रवंथ करत असतात, माणसं गाडीखाली सावलीला पडलेली असतात. नंबर आला की गाडी काट्यावर वजनाला जायची, मग गव्हाणीत, म्हणजे गिरणीकडे ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर, ऊस रिकामा करायचा आणि तसंच उसाच्या फडात परत. गिरणी बंद पडली की हे सगळं जागच्या जागी थांबतं. ऊस वाळतो, बैल खोळंबतात आणि दुसऱ्या दिवशीची खेप हातची जाते. बॉयलर हाऊसमधल्या बाकीच्यांना गिरणी थांबणं म्हणजे फक्त साहेबांची आरडाओरड. मामांना त्या गाड्यांमधली एक गाडी नावानिशी दिसायची.

आणि गिरणी थांबवायचा हक्क मामांच्या हातात होता. परत येणाऱ्या पाण्याच्या पाइपावर एक लाल चाक होतं. ते फिरवलं की ते पाणी बॉयलरकडे न जाता गटारात जायचं. मग बॉयलरला फक्त कालव्याचं शुद्ध केलेलं पाणी उरतं, ते निम्म्यालाही पुरत नाही. वाफ उतरते आणि गिरणी थांबवावी लागते. रिंग जांभळी आली की कुणाला न विचारता मामांनी चाक फिरवायचं, अशी वर्षानुवर्षांची रीत होती.

त्यांच्या नोकरीच्या शेवटून दुसऱ्या हंगामात कौसाबाईंच्या मुलीला नगरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कौसाबाई गेटवर आल्या. हातात सोनईच्या बाजारातून आणलेले पेढे. मी तेव्हा गेटपाशीच होते, मामांनी माझी ओळख करून दिली. कौसाबाई मामांपेक्षा उंच, आवाज खणखणीत, हाताला पाचटाचे ओरखडे. त्यांनी पेढा काढून मामांच्या हातावर ठेवला.

"घरी जाऊन खातो, कौसा."

"कामून? भाचीचा पेढा हाय. आपल्या घरात पयली पोरगी शिकाय चालली. माझ्यासमोर खा."

मामांनी माझ्याकडे बघितलं, पेढ्याकडे बघितलं आणि खाल्ला. तेवढ्यात आतून एकजण पळत आला, पंपाचा आवाज बदललाय म्हणून. मामा तसेच धावले. पंपाचं निस्तरलं तोवर तास भरला होता. घाईत त्यांनी नमुना घेतला, अंगठा दाबून हलवला. रिंग जांभळी आली. पुन्हा घेतला, पुन्हा जांभळी. त्यांनी चाक फिरवलं.

गिरणी पाच तास बंद होती. फिटरांनी रस उकळायची भांडी उघडली, एकेक नळी पाण्याने भरून बघितली. एकही गळत नव्हती. नमुन्याच्या बाटल्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी त्या तपासल्या आणि सगळ्या स्वच्छ निघाल्या. मी पळत खाली आले. मला काही बोलावं लागलं नाही. मामांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग सावकाश आपला अंगठा डोळ्यांसमोर धरला. सगळ्यांच्या देखत ते जगताप साहेबांकडे गेले आणि म्हणाले, "सायेब, पान्यात साखर नव्हती. माझ्या हाताला हुती. मी पेढा खाल्ला आन हात धुतले न्हाईत."

"ड्यूटीवर पेढा कुणी दिला तुम्हाला?"

"खानारा मी हाय, सायेब. देनाऱ्याचं नाव कशाला पायजे?"

त्यांनी नाव सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पण कौसाबाईंच्या टोळीला नाव कळायची गरज नव्हती, त्यांनीही त्याच कागदातले पेढे खाल्ले होते. 'कौसाच्या पेढ्यानं कारखाना बंद पाडला' हे गाडीतळावर महिनाभर चाललं. पाणवठ्यावर बायका बोलायच्या, कुणाची खेप बुडाली ते त्यांना मोजून सांगायच्या. कौसाबाईंनी गेटवर येणं सोडलं. मामा एका रविवारी कोपीवर गेले, तर आतून निरोप आला की ती झोपलीय. भर दुपारी ऊसतोडणारी बाई झोपत नसते, हे मामांना कळत होतं. ते परत आले आणि मला म्हणाले, "तिचं काय चुकलं सांगा, बाई? तिनं भाऊ म्हनून दिला." मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. मी त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा सांगितला.

साहेबांनी लाल चाकाला प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद तारेने बांधला. 'मुख्य अभियंत्यांच्या लेखी परवानगीशिवाय चाक फिरवू नये.' मामा रोज फडक्याने चाक पुसायचे, तेव्हा तो कागदही पुसायचे.

पुढच्या हंगामात, मामांना निवृत्तीला पंधरा दिवस राहिले असताना, सकाळच्या पाळीत ते माझ्याकडे आले. हातात नमुन्याची बाटली. "वास घ्या," म्हणाले. मला करपलेल्या काकवीचा पुसट वास आला, की आल्यासारखं वाटलं, कोण जाणे. "मी तपासलंय. काय आलं ते सांगत न्हाई. तुमी करा, तुमच्या हातानं." मी हात दोनदा धुतले, नवी नळी घेतली, काचेच्या कांडीने हलवलं. ॲसिड सोडल्याबरोबर रिंग आली. वांग्याच्या सालीसारखी गडद. दुसऱ्या बाटलीतही तीच.

मी साहेबांना फोन लावला. ते पाहुण्यांबरोबर गेस्ट हाऊसवर होते. माझ्या हातून फोन मामांनी घेतला.

"हात धुतलेत का, गर्जे?"

"माझ्या हाताचं सोडा, सायेब. बाईंनी तपासलंय."

"बरं. मी येतो. अर्ध्या तासात येतो. तोवर चाकाला हात लावू नका."

मामांनी फोन ठेवला आणि ते जिन्यावर गेले. मी मागोमाग गेले. समोर गाडीतळ भरलेला होता. मामांनी बोटाने दाखवलं. "ती निळ्या शिंगांची जोडी दिसती? तिच्याम्होरं दोन गाड्या हायेत. अर्ध्या घंट्यात तिचा नंबर लागतोय." मी बघितलं. कौसाबाई बैलांच्या पुढे उभ्या होत्या, कासरा हातात, डोक्यावर पदर. हुकूम तर साहेबांचाच होता. मामांनी फक्त तो पाळायचा होता, साहेबांची वाट बघायची होती. तेवढ्यात बहिणीची गाडी रिकामी होऊन ती फडात गेली असती आणि कुणी एक शब्द बोललं नसतं. मी स्वतः काय केलं असतं ते मला माहीत आहे. मी वाट बघितली असती.

मामांनी खिशातून फडकं काढलं, हात पुसले आणि खाली गेले. मी जिन्यावरूनच ऐकलं, ते बॉयलरवरच्या लोकांना ओरडून सांगत होते की पाणी सोडतोय, आग कमी करा, समोरून बाजूला व्हा. मग लाल चाक फिरल्याचा कुरकुराट आला. दहा मिनिटांनी गिरणीचा आवाज उतरत उतरत बंद पडला आणि गाडीतळावरचे सगळे चेहरे कारखान्याकडे वळले. निळ्या शिंगांच्या जोडीपुढे एकच गाडी उरली होती.

गळती तासाभरात सापडली. पहिल्याच भांड्यात एक नळी उभी चिरली होती आणि तिच्यातून रस सरळ पाण्यात जात होता. फिटर म्हणाला, आणखी थोडा वेळ गेला असता तर बॉयलरचं काही खरं नव्हतं. जगताप साहेबांनी येऊन ती नळी बघितली. मग त्यांनी मला सांगितलं, "गर्जेंना बोलवा माझ्याकडे." शाबासकी द्यायला की मेमो द्यायला, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. बहुतेक त्यांचंही ठरलं नव्हतं.

मामा त्यानंतर पंधरा दिवस कामावर आले, रीतसर निरोप समारंभ झाला, शाल मिळाली. आता ते गावी असतात आणि दर रविवारी फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला, "पानी कसं हाय, बाई?" पण मामा म्हटलं की मला त्यांची शाल आठवत नाही, त्या दिवशी मी त्यांना शोधायला गेले ते आठवतं. ते बॉयलर हाऊसमध्ये नव्हते, पंपापाशी नव्हते. मग मी गाडीतळावर गेले.

ते निळ्या गणवेशात बहिणीच्या गाडीपाशी उभे होते. आजूबाजूचे गाडीवान माना वळवून बघत होते. वर्षभरात दोघं पहिल्यांदाच समोरासमोर आली असावीत. कौसाबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या, बैलाच्या मानेवरून हात फिरवत होत्या.

"तूच बंद केला ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"माझी गाडी खाली होईस्तोर थांबता आलं नसतं का, दादा?"

मी त्यांच्यापासून चार पावलांवर होते. मला वाटलं, मामा आता नळीचं सांगतील, साखरेचं सांगतील, वेळ नव्हता म्हणतील.

"आलं असतं," मामा म्हणाले.

"मंग?"

"बॉयलरम्होरं नऊ मानसं हुती, कौसा."

कौसाबाईंचा हात बैलाच्या मानेवर थांबला. त्यांनी भावाकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं. मग कासरा त्यांच्याकडे टाकला.

"मंग उभा काय राह्यलास? बैल सोडू लाग. सकाळधरनं जुवाखाली हायेत."

मामा वाकले. एका बाजूने त्यांनी, दुसऱ्या बाजूने तिने, अशी दोघांनी जोडी सोडली. मामांनी बैल गाडीच्या सावलीला बांधले, पुढ्यात वाढं टाकलं आणि बहिणीशेजारी जमिनीवर बसले. कौसाबाईंनी भाकरीचं फडकं सोडलं आणि त्यातली अर्धी भाकरी न विचारता त्यांच्या हातावर ठेवली.

मी तशीच मागे फिरले. साहेब केबिनच्या दारात वाट बघत होते. मी त्यांना सांगितलं की सगळीकडे बघितलं, मामा कुठे सापडले नाहीत.